आमचे समाधानी ग्राहक

माझं दुकान चालत नाही, हे मला बावीस वर्षं माहीत होतं. घरमालकांना ते यंदा कळलं.

घरमालक म्हणजे दुकानाच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर राहणारे दातांचे निवृत्त डॉक्टर. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते खाली उतरत नसत. दिवसभर बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्याकडे अशा नजरेने बघायचे, की रस्त्याने आता आ करावा. एके दिवशी त्यांनी मला वर बोलावलं, समोर बसवलं आणि म्हणाले, "तुमच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही."

दातांचा डॉक्टर असं म्हणाला की समजावं, दाढ काढायचं ठरलं आहे.

"तीन महिन्यांनी आपला करार संपतोय," ते म्हणाले. "मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण जागा मागतोय. त्याच्या दुकानात उजेड असतो, माणसं असतात. इमारत कशी जिवंत वाटते. तुमच्याकडे मी आज सकाळपासून दोन माणसं मोजली. त्यातले एक तुम्ही."

"आणि दुसरं?"

"पत्ता विचारायला आलं होतं."

हे खरं होतं. आणि मला तो पत्ताही नीट सांगता आला नव्हता.

"तीन महिने बघतो," डॉक्टर म्हणाले. "दारात माणसं दिसली, तर करार पुढे चालू. नाही दिसली, तर आपले संबंध चांगले आहेतच."

मी फ्रेमा करतो. फोटो, प्रमाणपत्रं, नकाशे, भरतकाम, लोक जे आणतील त्याला चार पट्ट्या, एक काच आणि मागे पुठ्ठा लावतो. तत्त्वज्ञानात एम. ए. केल्यावर माणसाने काय करावं याचा त्या विषयात कुठेच उल्लेख नसल्यामुळे मी हे शिकलो, आणि मला ते आवडलं. नऊ बाय चौदाच्या त्या खोलीत माझं कापायचं टेबल आहे. सुताराने ते आतच बसून बनवलं आणि बनवून झाल्यावर आमच्या लक्षात आलं, की ते दारापेक्षा मोठं आहे. म्हणजे दुकान सोडायचं तर टेबल तरी सोडायला हवं, नाहीतर भिंत तरी पाडायला हवी. त्या टेबलाशिवाय मला काम जमत नाही, हे मी घरात कधी बोललो नव्हतो. दुकान गेलं तर काय, याचं उत्तर बायकोच्या मावसभावाकडे तयार होतं. त्याचं फरशांचं शोरूम आहे आणि तिथे काउंटरवर एक खुर्ची रिकामी होती. फरशा चौकोनीच येतात. मला करण्यासारखं त्यात काही उरत नाही.

घरी येऊन सांगितलं. बायकोने भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं.

"मग करा काहीतरी."

"काय करू?"

"हे बावीस वर्षांनी मला विचारताय? थांबा, धाकटीला फोन लावते."

धाकटी म्हणजे माझी मेहुणी. तिने बारा वर्षं एका साबणाच्या कंपनीत विक्री सांभाळली, मग कंटाळून नोकरी सोडली आणि सहा रविवारांचा एक कोर्स केला: 'अल्प खर्चात ब्रँड उभारणी'. त्याच्या प्रमाणपत्राची फ्रेम मीच करून दिली होती. आता ती छोट्या दुकानदारांना सल्ला द्यायची. अनुभव यावा म्हणून पहिले तीन फुकट. मी तिसरा. आधीचे दोघं तिचा फोन उचलत नव्हते, पण ते व्यस्त झाल्याचं हे लक्षण आहे असं तिचं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली आणि अर्धा तास समोरच्या फुटपाथवर नुसती उभी राहिली. मग रस्ता ओलांडून आत आली.

"भावोजी, तुमचं दुकान दिसत नाही."

"समोर तर आहे."

"आहे हो. पण दिसत नाही. मी समोर उभी राहून बघत होते, तरी मला शेजारचं औषधाचं दुकानच दिसत होतं." तिने वही उघडली. "आता सांगा, तुम्ही लोकांना काय देता?"

"फ्रेम."

"चूक. तुम्ही आठवणी देता."

"आठवणी ते घरून घेऊन येतात. मी चार पट्ट्या देतो."

तिने वहीत लिहिलं: 'स्पष्टवक्तेपणा. वापरता येईल का बघणे.'

मग मोहीम सुरू झाली. धाकटीचा पहिला नियम असा, की खर्च करायचा नाही, जे आहे ते वापरायचं. माझ्याकडे होते माउंटचे तुकडे. फोटोच्या भोवती जो जाड पुठ्ठा लावतात तो माउंट. त्याचा मधला भाग कापून निघतो आणि वर्षानुवर्षं साठत राहतो. धाकटीने त्या तुकड्यांची व्हिजिटिंग कार्डं करायला लावली. कार्डं देखणी झाली, पण ती इतकी जाड होती की कुठल्याही पाकिटात जाईनात. लोक हातात घेऊन हसायचे, पुढे जायचे आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे ठेवून द्यायचे. चहावाल्याने ती ग्लासाखाली ठेवायला घेतली. आठवड्याभरात त्या परिसरातला प्रत्येक माणूस माझ्या नावावर चहा ठेवून पीत होता.

"बघितलंत? ब्रँड रोज लोकांच्या हाताखाली," धाकटी म्हणाली.

"ओला होतोय तो."

"पण जातोय का कुठे?"

त्यानंतर इंटरनेटवर तारे मिळवण्याचा कार्यक्रम झाला. तिने सगळ्या नातेवाइकांना फोन करून दुकानाला तारे द्यायला सांगितले. सगळ्यांनी पाच-पाच दिले. माझ्या थोरल्या काकांनी एकच दिला. मी फोन केला तर म्हणाले, "अरे, एक म्हणजे पहिला नंबर. पाचवा नंबर द्यायला तू काय परका आहेस?" त्यांना समजावण्यात एक सकाळ गेली. मग त्यांनी चूक दुरुस्त करायला म्हणून शेजारच्या औषधाच्या दुकानाला पाच तारे दिले.

'पाच फ्रेमा करा, सहावी मोफत' ही योजनाही झाली. एका बाईंनी पहिली फ्रेम केल्यावर कार्डाकडे बघून शांतपणे विचारलं, "पण आमची दोनच मुलं आहेत. बाकीच्या तीन कसल्या करू?" धाकटीने वहीतली ती योजना खोडली.

महिना संपला. डॉक्टरांचा रोजचा आकडा दोनावरून चारावर गेला होता. वाढलेल्या दोघांत एक धाकटी होती आणि दुसरा तिला घ्यायला येणारा तिचा नवरा.

त्या दिवशी टेप शोधायला म्हणून धाकटी दुकानातल्या पडद्यामागे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग आतूनच ओरडली, "भावोजी! हे कोण आहेत सगळे?"

पडद्यामागे एक मांडणी आहे. तिच्यावर लोकांनी करायला टाकून परत न नेलेल्या फ्रेमा असतात. काम सोपवताना आगाऊ काही घ्यायची माझी पद्धत नाही, म्हणून न नेणं लोकांना सोपं जातं. टाकून देणं मला जमत नाही, म्हणून त्या साठत जातात. प्रत्येकीच्या मागे नाव आणि तारखेची चिठ्ठी. त्या वेळी तिथे त्रेसष्ट होत्या.

"ग्राहक आहेत," मी म्हणालो.

"हे सगळे? आणि तुम्ही मला सांगत होतात की तुमच्याकडे ग्राहक नाहीत!" ती एक फ्रेम छातीशी धरून बाहेर आली. तिच्या डोळ्यांत कोर्सचा चौथा रविवार चमकत होता. "मॉडेल वापरू नका, खरे चेहरे दाखवा. भावोजी, लोक याच्यासाठी कॅमेरामन बोलावतात. तुमच्याकडे ढीग पडलाय!"

संध्याकाळपर्यंत शोकेस भरली. चौतीस चेहरे, तीन ओळींत, आणि वर माउंटच्याच पुठ्ठ्यातून कापलेली अक्षरं: 'आमचे समाधानी ग्राहक'.

"अगं, यांनी फ्रेमा नेल्या नाहीत म्हणून त्या इथे आहेत. समाधानी कसे?"

"एकाने तरी तक्रार केलीय?"

केली नव्हती. ते परत फिरकलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला पहिला माणूस थांबला. बावीस वर्षांत माझ्या शोकेससमोर कोणी थांबल्याचं मला आठवत नाही. वाकून बुटाची नाडी बांधलेली मी धरत नाही. तो थांबला, बघितलं, हसला आणि फोन काढून कोणाला तरी बोलावलं. दहा वाजता शेजारचा औषधवाला अंगातल्या पांढऱ्या कोटासह धावत आला.

"काढा! ते आधी काढा!"

"कुठलं?"

"दुसरी ओळ, डावीकडून तिसरं!"

तिथे औषधवाला होता. चौदा वर्षांपूर्वीचा, भरपूर केसांचा, एका हसऱ्या मुलीबरोबर. ही मुलगी त्याची बायको नव्हती. ते लग्न ठरलं होतं, फोटो काढून झाला होता, फ्रेम टाकून झाली होती आणि मग मोडलं होतं. माझ्यापर्यंत कोणी कळवलं नव्हतं. फ्रेमवाल्याला कोण कळवतो?

मी स्टूल घेऊन वर चढलो तेवढ्यात त्याची बायको दारात आली. औषधवाला काउंटरकडे तोंड करून उभा राहिला, जणू तो आपला नाहीच.

"राहू दे हो, काढू नका घाईने," ती मला म्हणाली आणि काचेजवळ जाऊन नीट बघितलं. "केस होते म्हणजे. मला वाटायचं, हे बढाई मारतात." मग नवऱ्याकडे वळली. "हिची फ्रेम करायला टाकली होतीत. आपला लग्नाचा फोटो आठ वर्षं पाकिटात आहे."

त्या दिवशी तिने जी फ्रेम सांगितली, ती माझ्या दुकानातून गेलेली आजवरची सर्वात मोठी फ्रेम होती. दारातून तिरकी करून काढावी लागली.

मग रांग लागली. दोन रस्ते पलीकडच्या इमारतीच्या कमिटीचा एक फोटो होता. सातही जण एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे. मधल्या काळात पार्किंगवरून त्यांची भांडणं कोर्टात गेली होती. दोन्ही बाजू एकाच वेळी आल्या आणि मधोमध कापून दोन फ्रेमा करून मागू लागल्या. मी कापून दिला. अडचण एवढीच झाली, की चिटणीस बरोबर मध्ये होते आणि ते कुठल्याच बाजूला नको होते. एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या, त्यांचा पोहण्याच्या पोशाखात बक्षिसाचा कप घेतानाचा फोटो होता. त्यांनी तो कागदात गुंडाळून मागितला, दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "अजून दोन दिवस राहू दे. लोकांना कळू दे."

वरून डॉक्टरांची हाक आली, "अहो, आज सव्वीस!"

धाकटीने वहीत 'सव्वीस' लिहून त्याला चौकट केली.

पण तिच्या कोर्समध्ये एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. समाधानी ग्राहक आपापली फ्रेम घेऊन जातात. दहा दिवसांत चौतीसचे एकोणीस झाले, पंधरा दिवसांत सहा, आणि तिसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापिकाही स्वतःला घेऊन गेल्या. शोकेसमध्ये फक्त अक्षरं उरली. आमचे समाधानी ग्राहक, आणि खाली मोकळी भिंत. लोक बघायचे आणि हळहळून पुढे जायचे. डॉक्टरांचा आकडा सातावर आला.

"ब्रँड उचलून नेला हो लोकांनी," धाकटी खुर्चीत बसून म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच साबणाच्या काळातला वाटला.

करार संपायला अठरा दिवस उरले होते. त्यातले दोन, मी एका शाळेत बारा नकाशे लावायला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या वळणावर आलो, तर फुटपाथवर पाय ठेवायला जागा नव्हती.

माणसं हसत होती, वाद घालत होती, मान तिरकी करून बघत होती. मी वाट काढत पुढे गेलो. शोकेसच्या मधोमध एकच चित्र होतं. पडद्यामागच्या मांडणीच्या अगदी तळातलं. वर पाटी: 'ओळखा पाहू, हा प्राणी कोणता? अचूक उत्तराला एक फ्रेम मोफत.' खाली बुटाचं खोकं आणि दोरीला बांधलेली पेन्सिल.

चित्रात हिरव्या रंगात काहीतरी तपकिरी उभं होतं. किंवा बसलं होतं. त्याला चार पाय असावेत अशी शंका घ्यायला जागा होती. कान होते, पण ते दुसऱ्या कोणाचे तरी वाटत होते. ते थेट आपल्याकडे बघत होतं, घरी गॅस चालू राहिल्याचं आत्ताच आठवल्यासारखं. दात मात्र अप्रतिम होते. एकेक दात सुटा, स्वच्छ, सावलीसकट. सगळ्या चित्रात निर्विवाद ओळखू येत होते ते दातच.

मी ते चित्र ओळखलं.

"कालपासून चाळीस चिठ्ठ्या!" धाकटीने मला बघताच सांगितलं. "नववं तत्त्व. ग्राहकाला प्रेक्षक ठेवू नका, सहभागी करा. खर्च शून्य. भावोजी, कुठून मिळालं हो हे तुम्हाला?"

"मागची चिठ्ठी वाचलीस?"

"नाही. का?"

मी चित्र उलटं करून तिला दाखवलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'डॉक्टर. वर.'

निवृत्त झाल्या वर्षी ते चित्रकलेच्या वर्गाला जात. अकरा वर्षांपूर्वी हे चित्र त्यांनी स्वतः आणून दिलं होतं. फ्रेम झाल्यावर मी दोनदा आठवण केली. "नेतो, नेतो, असू दे," असं म्हणून त्यांनी विषय दाताच्या किडीकडे वळवला. चित्र आणि चित्रकार यांच्यात अठरा पायऱ्या होत्या, पण अकरा वर्षांत त्यासाठी त्या कोणी उतरलं नाही.

धाकटी पाटीकडे बघत राहिली. तेवढ्यात वरून आवाज आला.

"अहो फ्रेमवाले! एकतीस! अकरा वाजलेत आणि एकतीस! काय लावलंय?"

वरची बाल्कनी पुढे आल्यामुळे त्यांना माणसं दिसत, शोकेस दिसत नसे.

"चित्र आहे एक!" मी खालून म्हणालो.

"कोणाचं?"

"हौशी चित्रकार आहेत!"

"वा! लोकांना कळतंय म्हणजे!"

दुपारी डबा घेऊन बायको आली. तिला सगळं सांगितलं. तिने चित्राकडे बघितलं, वर बघितलं आणि स्टुलावर बसली.

"काढलंत तर गर्दी जाणार आणि दुकान जाणार."

"हो."

"ठेवलंत, आणि डॉक्टर खाली आले, तर आपण हसं केलं म्हणून दुकान जाणार."

"हो."

"त्यांचा गुडघा कसा आहे?"

"सुधारतोय म्हणतात."

"एखाद्याचा गुडघा सुधारू नये असं वाटणं बरं नाही," ती म्हणाली आणि डबा उघडला. "पण सोळा दिवसांचाच प्रश्न आहे."

चित्र राहिलं. ते बरोबर नव्हतं हे मला माहीत होतं. मी रोज सकाळी काढायचं ठरवायचो आणि रोज सकाळी वरून आकडा यायचा. अडतीस. चव्वेचाळीस. चिठ्ठ्या टाकायला आलेली माणसं आत डोकावायची. आत डोकावलेली माणसं म्हणायची, "अरे, आमच्याकडे पण एक आहे, सासूबाईंनी काढलेलं, घरात कोणी लावू देत नाही." आणि दुसऱ्या दिवशी ते घेऊन यायची. मी तेवढी फ्रेमांची कामं एका वर्षात केली नसतील.

एकाच गोष्टीने माझी झोप उडवली होती. डॉक्टरांच्या पत्नी रोज सकाळी पिशवी घेऊन खाली यायच्या, गर्दीच्या कडेला थांबायच्या, चित्र बघायच्या आणि निघून जायच्या. आठव्या दिवशी त्या सरळ पुढे आल्या.

"ही पेन्सिल चालत नाही. दुसरी आहे का?"

मी दिली. त्यांनी चिठ्ठी लिहिली, नीट चार घड्या घातल्या, खोक्यात टाकली आणि भाजीला गेल्या. मी त्या दिवशी तीन काचा फोडल्या.

शेवटच्या दिवशी करारासाठी डॉक्टर मला वर बोलावतील असं ठरलं होतं. त्याऐवजी त्यांचा फोन आला. "मीच येतो खाली. व्यायामवाली पायऱ्या उतरा म्हणाली आहे. आणि वरून डोकीच बघतोय इतके दिवस, जरा समोरून बघू दे."

धाकटीने कपाटातली चादर काढली आणि शोकेसवर टाकली. याच्याइतकी मोठी चूक तिने सबंध मोहिमेत केली नव्हती. आतापर्यंत लोक येऊन-जाऊन होते. चादर पडल्याबरोबर ते जागीच थांबले.

"निकाल आहे वाटतं!"

"अहो, या लवकर, पडदा उघडतायत!"

पाच मिनिटांत रस्ता भरला. गल्लीच्या टोकाला नुकतंच दुकान टाकलेला चष्मेवाला सगळ्यात पुढे होता. त्याने पहिल्या दिवसापासून या चित्रात जीव गुंतवला होता. "मी उघडतो," म्हणाला आणि चादर खेचली. टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांत काठी टेकत डॉक्टर जिन्यातून बाहेर आले.

ओळखणाऱ्यांनी वाट दिली. डॉक्टर काचेसमोर आले आणि थांबले. त्यांनी चित्र बघितलं. पाटी वाचली. परत चित्र बघितलं.

चष्मेवाला त्यांना ओळखत नव्हता. "आजोबा, चिठ्ठी टाकलीत का?" तो म्हणाला. "मी उंट टाकलाय. बसलेला."

"बसलेला का?"

"पाय कुठे दिसतायत?"

"गवतात आहेत पाय."

"ते गवत आहे? मला वाटलं गादी." चष्मेवाल्याने चष्मा पुसला. "पण दात बघा आजोबा. हे दात काढणारा माणूस साधा नाही. बाकी सगळं त्याने दातांसाठी काढलंय."

डॉक्टरांनी काठी दाराकडे वळवली. ते आत आले आणि माझ्या टेबलाशी बसले. मी उभाच राहिलो. धाकटी पडद्यामागे गेली, पण तिची चप्पल बाहेर दिसत होती.

"किती दिवस आहे हे?"

"सोळा."

"कोणाचं आहे, तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्या दिवशी मी इथे नव्हतो. नंतरचे पंधरा दिवस माहीत होतं."

"मग काढलं का नाहीत?"

"गर्दी गेली असती," मी म्हणालो. "तुम्ही माणसं मोजत होता."

ते खरं बोलणं ऐकून त्यांनी पेशंटला तोंड मिटायला सांगतात तसा मला हात केला. "खोकं आणा."

मी खोकं आणलं. तीनशेच्या वर चिठ्ठ्या होत्या. ते एकेक उघडून वाचू लागले, आणि वाचलेली डाव्या हाताला ठेवू लागले, जसे काढलेले दात ठेवत असतील. "कुत्रा. कुत्रा. वासरू. भिजलेलं अस्वल. सोफा." ते थांबले. "सोफा?"

"बाहेर उत्साह होता," मी म्हणालो.

"उंट, उंट, उंट. हे एकाच अक्षरात सात आहेत."

"चष्मेवाले."

"माझे सासरे," त्यांनी पुढची वाचली. "कोणाचे सासरे?" मग एक चिठ्ठी त्यांनी उघडली आणि उजेडाकडे धरली. चार घड्या असलेली होती.

"हे अक्षर माझ्या घरातल्या किराणाच्या यादीचं आहे," ते म्हणाले.

चिठ्ठीत लिहिलं होतं: 'घोडा. कान चुकलेत. दात आमच्याकडचे.'

डॉक्टरांनी दाराकडे मान वळवली. पत्नी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या.

"तुला माहीत होतं हे इथे आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही रोज जेवताना आकडा सांगत होता. चव्वेचाळीस म्हणालात त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. कशाला सांगू?" त्या आत आल्या. "माझं उत्तर बरोबर आहे ना? मग बक्षीस द्या. माझ्या बहिणीच्या नातीचा फोटो आहे, त्याला करून घेते."

"अकरा वर्षांपूर्वी हॉलमध्ये लावू दिलं नव्हतंस तू."

"तेव्हा भिंत नवी रंगवली होती."

"आणि आता?"

"आता लावा की. भिंत जुनी झाली."

डॉक्टर उठले. माझ्या मते आता चित्र काखेत मारून ते निघणार होते, आणि त्यांच्यामागून माझं दुकान. पण ते दारापर्यंत गेले आणि आतून गर्दीकडे बघत उभे राहिले. काचेच्या पलीकडे पुढच्या रांगेतच सतरा-अठरा माणसं होती आणि सगळी त्यांच्या घोड्याकडे बघत होती.

"हॉलमध्ये कोण बघणार?" ते म्हणाले. "तू बघणार. आणि पाहुणे. पाहुणे दातदुखी सांगतात." त्यांनी खिशातून कराराचे कागद काढले आणि माझ्या टेबलावर पसरले. "पाच वर्षांचा करतोय. एक कलम हाताने घालतो. शोकेसमधली मधली जागा माझी. वर पलंगाखाली आणखी अकरा आहेत."

"अकरा घोडे?" मी विचारलं.

"दोन घोडे. बाकी वेगवेगळं." त्यांनी लिहिलं, सही केली आणि माझ्याकडे सरकवलं. "आणि उत्तर जाहीर करायचं नाही."

धाकटी पडद्यामागून बाहेर आली. "पण डॉक्टर, लोक निकालाला थांबलेत. शब्द दिलाय आपण. ब्रँडची विश्वासार्हता..."

"त्यांना सांगा, बक्षीस गेलं, पण उत्तर सांगायचं नाही असं विजेत्याने सांगितलंय. चालेल ना गं?"

"मला नातीच्या फोटोशी मतलब," पत्नी म्हणाल्या.

मी सही केली. ओळ वाकडी आली, पण डॉक्टरांनी चालवून घेतली. धाकटीने बाहेर जाऊन जाहीर केलं. रस्त्यावर एकच ओरडा झाला आणि मग, कोणीही घरी न जाता, आधीपेक्षा मोठ्याने वाद सुरू झाला. विजेता कोण? त्याने काय लिहिलं असेल? उंट नसेल तर काय असेल?

डॉक्टर काठी टेकत बाहेर गेले. मला वाटलं जिन्याकडे वळतील. ते पहिल्या रांगेत चष्मेवाल्याशेजारी जाऊन उभे राहिले.

"उंटाचं तुमचं म्हणणं मला बऱ्यापैकी पटतंय," ते म्हणाले. "पण मग कुबड कुठे आहे?"

"झाडामागे," चष्मेवाला ताबडतोब म्हणाला.

"ते झाड आहे?"

"नाहीतर काय?"

पत्नी पिशवी घेऊन पाच मिनिटं थांबल्या. मग म्हणाल्या, "चला ना. जेवायचं नाही का?"

"तू हो पुढे," डॉक्टर चित्रावरची नजर न काढता म्हणाले. "यांना कुबड सापडलंय. मी जरा बघून घेतो."